सरक, मी चढतो

शालिकभाऊ पोलाजवळ आले की आधी चपला काढत. दोन्ही चपला जोडीनं, तोंडं रस्त्याकडे करून ठेवत. मग उजवा हात पालथा करून पोलाला लावून बघत. तळवा कधीच लावत नसत. पोलात करंट उतरला असेल तर तळवा मिटतो आणि माणूस तिथंच चिकटतो, पालथा हात झटका खाऊन सुटतो. एवढं झालं की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचे, खिशातली पुडी खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सरक, मी चढतो."

हे वाक्य मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर भागात इतकं प्रसिद्ध होतं की चहाच्या टपरीवर कुणी कुणाच्या हातातली केटली घेतली तरी लोक म्हणत, "आला शालिकभाऊ." त्यांना स्वतःला त्यात काही हसण्यासारखं वाटत नसे. दुसरा माणूस पान्याशी झटापट करतो आहे आणि आपण नुसतं बघत उभं आहोत, हे त्यांच्या जिवाला सोसतच नसे. समोरचा बाजूला व्हायच्या आतच यांचा एक पाय पोलावर गेलेला असे.

मी त्या वेळी सौंसर-रामाकोना रस्त्यावरच्या सबस्टेशनात ऑपरेटर होतो, अजूनही आहे. माझं काम खोलीत बसून लाइन बंद-चालू करण्याचं. लाइनमन लोकांना पोलावर चढायचं असलं की ते माझ्याकडे परमिट मागतात. मी ती लाइन बंद करतो, त्या माणसाचं नाव मांडतो, आणि तोच माणूस स्वतः 'परमिट वापस' म्हणेपर्यंत राजा आला तरी लाइन देत नाही, म्हणजे चालू करत नाही. परमिट परत घेताना एक प्रश्न विचारायचाच, असा माझा नेम आहे: "सगळे खाली?" इतर लोक म्हणत, "सगळे खाली." शालिकभाऊंचं उत्तर वेगळं असे. "मी आलो खाली," ते म्हणत. त्यांच्या हिशोबी तेवढं पुरेसं होतं, कारण वर दुसरं कुणी गेलेलंच नसे.

हाडकुळी अंगकाठी, लांब हात, खांद्यावर कायम एक निळा दुपट्टा. साध्या लाइनमनचे ते लाइन इन्स्पेक्टर झाले तेव्हा आम्ही त्यांना हार घातला, पेढे खाल्ले. इन्स्पेक्टरचं काम चढायचं नाही. त्यानं खाली उभं राहायचं, चढणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, त्याला तयार करायचं. शालिकभाऊंनी हार काढून मोटरसायकलच्या हँडलला अडकवला आणि त्याच दुपारी एका गावी जाऊन पोलावर चढले. हार खाली, साहेब वर. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, आता तुम्ही साहेब झाले. संदीपले चढू द्या ना."

"चढू देतो ना," ते म्हणाले. "पहिले शिकू त दे त्याले."

संदीप त्यांच्या हाताखालचा सहायक. रामाकोन्याचा, पस्तिशीचा, बायको-मुलं असलेला. दहा वर्षं तो शालिकभाऊंच्या मागं होता आणि दहा वर्षं त्याच्या हातात खर्र्याची पुडी होती. चढला नव्हता असं नाही. किरकोळ कामाला चढायचा, पण अर्ध्यावर पोचला की खालून आवाज यायचा, "अबे तो पाय तिथं काहून ठेवून राहिला? उतर. उतर म्हणतो ना. सरक, मी चढतो." उतरल्यावर संदीप पुडी हातात घेऊन हसायचा. सुरुवातीची काही वर्षं ते हसू खरं होतं. पुढं पुढं तो पुडी हातात घ्यायचा आणि रस्त्याकडे बघत उभा राहायचा.

शालिकभाऊ मनानं वाईट नव्हते, उलट माणसांवर जीव टाकणारे होते. म्हणूनच तर सगळा घोळ होता. आपल्या माणसाला इजा होऊ नये म्हणून ते त्याला कामाच्या वाऱ्यालाच उभं राहू देत नसत. सौंसरहून नागपूरला बसनं जाताना ड्रायव्हरच्या मागची सीट धरत आणि वाटभर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत असे. एकदा मी शेजारी होतो. सावनेर येईपर्यंत माझ्याच पायात गोळे आले.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट तर अजून सांगितली जाते. वरात दारात आलेली, बँड वाजतो आहे, बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि मांडवातले दिवे गेले. डेकोरेशनवाल्याचा माणूस शिडी लावून चढला. शालिकभाऊ नवं धोतर, डोक्याला फेटा, अशा थाटात होते. त्यांनी वर पाहिलं, जोडे काढले, तोंडं रस्त्याकडे करून ठेवले. कमलवहिनी, त्यांच्या बायको, ओरडल्या, "अवो, नवरदेव आला दारात!" पण तोवर डेकोरेशनवाला खाली आणि शालिकभाऊ वर. नवरदेवाचं स्वागत सासऱ्यानं करायचं, तर सासरा शिडीवर दातानं वायर सोलतो आहे. शेवटी मुलीच्या मामानं टिळा लावला. दिवे लागले, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या फोटोंत सगळे आहेत, शालिकभाऊ नाहीत. एका फोटोत फेट्याचं टोक तेवढं वरून लोंबताना दिसतं. वहिनींनी तो फोटो कपाटात उलटा करून ठेवला आहे. आम्ही हसायचो. त्या नाही हसल्या.

पांढुर्णा जिल्हा झाला त्या सुमाराला आमच्याकडे स्नेहल मॅडम जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर, म्हणून आल्या. पांढुर्ण्याच्याच, तिशीच्या आतल्या, बोलायला चटपटीत आणि कामाला कडक. वडील शाळेत चपराशी होते हे त्या स्वतःहून सांगत. आल्यावर महिनाभरात त्यांनी हेरलं की इथली जवळजवळ सगळी परमिटं एकाच नावावर निघतात. त्यांनी शालिकभाऊंना विचारलं, "भाऊ, उद्या तुम्हाला ताप आला तर?"

"मले ताप नाही येत, मॅडम."

"रिटायर तर व्हाल?"

"त्याले वेळ आहे."

मॅडमनी आमच्यातल्या काहींना छिंदवाड्याला ट्रेनिंगला पाठवलं. ट्रेनिंग देणाऱ्या माणसानं फळ्यावर पायऱ्या काढल्या. माणूस मोठा झाला म्हणजे वाढायचा थांबतो असं नाही, तो म्हणाला. कामावर आलेला माणूस आधी दुसऱ्याचं ऐकून चालतो. मग स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या अकलेनं काम करायला लागतो, त्यात पटाईत होतो. बहुतेक लोक तिथंच घर बांधून राहतात. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात गेलेलं बघवणं. ती पायरी पन्नाशीतही चढता येते, पण आधीची सोडल्याशिवाय नाही, आणि सोडताना दुखतं. शालिकभाऊ मागच्या बाकावरून म्हणाले, "साहेब, चढायचं आमाले नका शिकवू. जिंदगी गेली चढण्यात." सगळे खो खो हसले. तो माणूसही हसला आणि त्यानं फळा पुसला. तो बरोबर सांगत होता आणि आम्ही त्याला हसण्यावारी नेलं, हे मला फार नंतर कळलं.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते झालं.

त्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमारीची जत्रा असते. जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव, मध्ये दगडगोट्यांचा पाऊस आणि दोन्ही काठांवर माणसांचा समुद्र. नदीकाठच्या लायनी सांभाळायला आजूबाजूची माणसं तिकडं बोलावतात. शालिकभाऊंचं नाव दरवर्षी असायचंच. सकाळीच ते मोटरसायकलवर निघून गेले. जाताना संदीपला म्हणाले, "काही झालं त मले फोन कर. मी संध्याकाळी येऊन पायतो. कोणी चढू नका."

दुपारी रामाकोन्याकडच्या एका पोलावरचा चिमणीएवढा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला आणि निम्म्या गावाची लाइट गेली, पाण्याचा पंपही बंद पडला. सणाची घरं, पाहुणे आलेले. सरपंचाचे फोनवर फोन. मॅडम त्या वेळी पांढुर्ण्यालाच होत्या. त्यांनी संदीपला फोनवर सांगितलं, "तुम्हाला येतं ना हे काम? मग जा. परमिट घ्या, नीट करा."

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. "भाऊ, परमिट लिहा," संदीप म्हणाला. मी सवयीनं म्हटलं, "शालिकराम..."

"शालिकराम नाही. संदीप लिहा."

पोरगं दहावी पास झाल्यावर निकाल सांगतं तसा त्याचा आवाज होता. मी लाइन बंद केली, दोनदा तपासली, स्विचवर 'काम चालू'ची पाटी लावली, नाव लिहिलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लाइन माझ्याकडून बंद असली तरी चढण्याआधी तारांवर एक साखळी टाकायची असते. साखळीचं दुसरं टोक जमिनीत. चुकून कुठून करंट आलाच तर तो साखळीतून जमिनीत जातो, माणसाला धरत नाही. आमच्याकडे एकच धड साखळी होती, दुसरीची कडी तुटलेली. आणि ती धड साखळी शालिकभाऊ कुणाच्या हाती लागू देत नसत. "पोट्टे इकडं तिकडं फेकतात," म्हणायचे. साखळी नेहमी तेच टाकायचे आणि ती कायम त्यांच्या मोटरसायकलच्या डिकीत, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली असायची. मोटरसायकल त्या दिवशी पांढुर्ण्यात उभी होती.

गावाबाहेरच्या एका गोदामवाल्यानं लाइट गेली म्हणून जनरेटर लावला होता. त्याची जोडणी चुकीची होती. त्याच्या जनरेटरचा करंट त्याच्या गोदामापुरता न राहता ट्रान्सफॉर्मरमधून उलटा आमच्या तारेवर चढला. मी बंद केलेल्या तारेवर. संदीपनं डाव्या हातानं तार धरली.

कमरपट्ट्यानं तो वर लटकून राहिला म्हणून जीव वाचला. नागपूरच्या दवाखान्यात त्याचा डावा हात कोपराखाली काढावा लागला.

शालिकभाऊ पांढुर्ण्याहून थेट नागपूरला गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ते वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते आणि त्यांच्या पायात चपला नव्हत्या. बाकाखाली जोडीनं ठेवलेल्या होत्या, तोंडं बाहेर. जणू आत गेलं की काहीतरी चढून दुरुस्त करता येणार होतं. माझा हात धरून ते इतके रडले की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

संदीप शुद्धीवर आल्यावर मी त्याला विचारलं, "साखळीची आठवण नाही झाली का रे?"

"झाली ना भाऊ," तो छताकडे बघत म्हणाला. "झोला पाह्यला, त नव्हती. फोन लावणार होतो शालिकभाऊले. पण लावला असता त ते म्हणले असते, थांब, मी येतो." जरा वेळानं म्हणाला, "दहा वर्षं थांबलो. त्या दिवशी नाही थांबलो."

चौकशी झाली. छिंदवाड्याहून अधिकारी आले, माझ्या सबस्टेशनातच बसले. माझी बाजू स्वच्छ होती, तेवढं लगेच मिटलं. साहेबांना सोयीचं होतं ते असं की, संदीपनं नियम मोडला, साखळी न टाकता चढला, संपलं. तेवढ्यात शालिकभाऊ बाहेर गेले आणि डिकीतून ती साखळी घेऊन आले. दुपट्टा सोडून टेबलावर ठेवली. खळ्ळकन आवाज झाला.

"हे माह्याजवळ होती," ते म्हणाले. "त्याच्याजवळ असती त त्यानं टाकली असती. त्याची काही चूक नाही. चूक माही आहे. सगळी माही."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, शालिकभाऊंच्या नावावर ठपका आला, संदीप सुटला. बाहेर चहाला उभे असताना मी म्हटलं, भाऊ, हिंमत केली. पण स्नेहल मॅडमचा चेहरा लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "सगळी तुमची कशी, भाऊ? जा म्हणून मी सांगितलं होतं. साखळी कुठं आहे हे मी विचारलं नाही, ती चूक माही आहे. दुसरी साखळी तुटलेली आहे हे सगळ्यांले माहीत होतं, ती ऑफिसची आहे. तुम्ही कामही सगळं घेता आन् चूकही सगळी घेता. दुसऱ्यासाठी काही ठेवता का?"

शालिकभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. कप खाली ठेवून ते मोटरसायकलवर बसले आणि निघून गेले.

आता माणूस बदलला असेल असं वाटतं ना? नाही बदलला. पुढचे दोन-तीन महिने तर ते वेड्यासारखे चढले. कुणाला पोलाच्या जवळ येऊ देईनात. नवी साखळी आली होती, तीही डिकीत टाकली. साठीला आलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, आणि हा दिवसभर वर. मॅडमनी शेवटी लेखी हुकूम काढला की शालिकराम यांनी पोलाला हात लावायचा नाही. तेव्हा ते मला म्हणाले, "गुणवंता, मले जित्तंच मारलं पोरीनं." पुढं आवाज खाली आणून म्हणाले, "खाली उभं राहून करू काय मी? माह्या हाताले दुसरं येते काय?" मला त्यांची कीव आली. हा प्रश्न साधा नव्हता. वीस-बावीसच्या वयापासून ज्या एका कामानं त्यांना 'शालिकभाऊ' केलं होतं, तेच काढून घेतलं होतं.

दर रविवारी ते रामाकोन्याला संदीपच्या घरी जात. कधी मीही बरोबर असायचो. गेल्या गेल्या लाकडं फोडायचे, टाकी भरायचे, पोरांच्या सायकलीची चेन बसवायचे. संदीपची बायको मंदा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, त्याइले सांगा ना तुम्ही. ते आले की हे दिवसभर खाटीवर पडून राह्यते. करू देत नाही काहीच." मी सांगितलं नाही, सांगायची वेळच आली नाही.

कारण त्याच दिवशी मंदानं टोपलीभर संत्री आणून ठेवली. आंबिया बहाराची होती, सालीला सैल. संदीपनं एक उचललं. एका हातानं ते कसं सोलणार, म्हणून शालिकभाऊंनी हात पुढं केला आणि त्याच्या हातातून संत्रं घेतलं. नखही लावलं सालीला. संदीपनं ते परत ओढून घेतलं.

"सरका भाऊ," तो म्हणाला. "मी सोलतो."

आवाज चढलेला नव्हता. शालिकभाऊंचा हात तसाच हवेत राहिला. संदीपनं संत्रं दोन्ही गुडघ्यांत धरलं, अंगठ्यानं देठाजवळ भोक पाडलं, सालीचा तुकडा ओढला. संत्रं निसटलं, खाटेवरून घरंगळत शालिकभाऊंच्या पायाशी आलं. त्यांनी ते उचललं. मला वाटलं आता सोलूनच देतील. त्यांनी ते तसंच, अर्धवट सोललेलं, संदीपच्या हातात दिलं आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. रस गळत होता, पायजम्यावर डाग पडले, एक फोड फुटली. फार वेळ लागला. शेवटी संदीपनं एक फोड त्यांच्यापुढं धरली. शालिकभाऊंनी ती तोंडात टाकली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. संदीप म्हणाला, "आंबट आहे का?"

परतताना सौंसरच्या नाक्यावर गाडी थांबवून एवढंच म्हणाले, "त्याले जमते ना बे, गुणवंता. थोडा वेळ लागते फक्त."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साखळी डिकीतून काढली आणि माझ्या सबस्टेशनाच्या भिंतीवर, दाराजवळ, सगळ्यांचा हात पोचेल अशा खिळ्याला टांगली.

त्यानंतर संदीपच्या जागी प्रवीण आला, आयटीआय केलेला, लग्न झालेला, जरा घाबरट. मॅडमनी त्याला शालिकभाऊंच्या हवाली केलं. पहिल्या दिवशी प्रवीण वर चढला आणि खालून सूचनांचा असा भडिमार झाला की तो मध्येच पोलाला मिठी मारून थांबला. डावा पाय, उजवा पाय, अबे पकड, अबे सोड. खाली उतरल्यावर तो तडक मॅडमकडे गेला आणि बदली मागायला लागला. मॅडमनी शालिकभाऊंना ओरडायचं सोडून शेजारी बसवलं. मी तिथंच होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मलेही असंच वाटते. सगळं मीच करावं, कोणी काही बिघडवू नये. रात्री झोप लागत नाही. तुम्हाला जमलं त मले सांगा कसं जमवलं."

एवढी शिकलेली, कडक साहेबीण आपल्याला हे सांगते आहे, याचं शालिकभाऊंना नवल वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक करायला सुरुवात केली. प्रवीण चढायला लागला की ते खांद्यावरचा निळा दुपट्टा काढायचे, दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे आणि त्याच दुपट्ट्यानं मनगटं गुंडाळून टोक मुठीत धरायचे. खर्र्याची जाड गोळी गालात धरायचे, म्हणजे तोंड बंद राहील. गावातले लोक जमून बघायचे. कुणी म्हणायचं, पोलिसांनी धरलं काय यांना? ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कपाळावरून घाम गळायचा, पुसायला हात मोकळे नसायचे.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. दोनदा तर त्यांनी दुपट्टा फेकून प्रवीणला खाली ओढलं. एकदा रागानं घरी गेले, दोन दिवस आले नाहीत. वहिनी म्हणाल्या, जेवले नाहीत. माणूस त्या वयात वाढतो तो असा, जखमेवर खपली धरावी आणि पुन्हा निघावी तसा.

आता शेवटचं.

संदीप तोवर माझ्याच सबस्टेशनात कामाला लागला होता. बसून करायचं काम, फोन, स्विच, एका हातानं होतं. शालिकभाऊ तिथं आले की दोघं बोलायचे, पिकांचं, पावसाचं, पोरांच्या शाळेचं. त्या दिवसाबद्दल कधीच नाही. संदीपनं त्यांना माफ केलं का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

शालिकभाऊंच्या रिटायरमेंटला आठवडा उरला होता. थंडीचे दिवस, रस्त्यावरून संत्र्याच्या गाड्या चाललेल्या. आमच्या कुंपणाबाहेरच जो पहिला पोल आहे, त्याच्यावर काम निघालं. प्रवीण आला, खिळ्यावरची साखळी स्वतः काढली, स्वतःच्या नावानं परमिट घेतलं. मी आणि संदीप खिडकीतून बघत होतो. त्यानं हात पालथा करून पोलाला लावला, साखळी टाकली, चढला. शालिकभाऊ खाली, हात मागं, दुपट्ट्यात.

वर एक नट गंजून बसला होता. प्रवीणनं पाना लावला, तो सटकला. परत लावला, परत सटकला. खाली शालिकभाऊंचा डावा पाय हळूच चपलेबाहेर आला.

"आता चढते," संदीप हळू आवाजात म्हणाला.

"भाऊ, जमून नाही राहिलं!" वरून प्रवीण ओरडला.

उजवा पायही बाहेर आला. शालिकभाऊ मातीवर अनवाणी उभे राहिले. पोल त्यांच्यापासून एका पावलावर. दुपट्टा मनगटांवर सैल झाला होता, मला दिसत होतं. संदीपनं चहाचा कप खाली ठेवला.

शालिकभाऊंनी गालातली गोळी थुंकली. "काय वाटते तुले?" त्यांनी विचारलं. "काय करावं?"

प्रवीणनं नट बोटानं चाचपला, मग म्हणाला, "तेल सोडतो थोडं. थांबतो. मंग पायतो."

"मंग थांब. घाई नको करू. मी आहो खाली."

आणि त्यांनी आधी उजवा पाय चपलेत घातला, मग डावा.

संदीप बघत होता. त्याचा उजवा हात डाव्या बाहीच्या दुमडलेल्या टोकाशी गेला आणि तिथंच राहिला. "मले असं कोणी विचारलं असतं त..." तो म्हणाला.

नट निघाला. प्रवीण उतरला, साखळी काढली. फोन वाजला तो संदीपनं घेतला. पलीकडून प्रवीणचा आवाज मलाही ऐकू येत होता. "परमिट वापस, भाऊ."

"सगळे खाली?" संदीपनं विचारलं.

"सगळे खाली."

नेमाप्रमाणे इथं फोन ठेवायचा असतो. संदीपनं ठेवला नाही. खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, "आन् शालिकभाऊ?"

"ते?" प्रवीण जरा गोंधळला. "ते त खालीच होते."

संदीपनं फोन ठेवला, पाटी काढली आणि मला म्हणाला, "द्या लाइन."